डेल्को नसलेली गाडी

शेजारच्या काकांनी त्यांच्या जुन्या अमेरिकन शेवेल गाडीतलं मूळ इंजिन काढून तिथे ट्रकचं इंजिन टाकायचं ठरवलंय हे कळलं तेव्हा मला राग आला. गाडी माझी नाही, पैसे माझे नाहीत, गॅरेज माझं नाही, तरी आला. बायको म्हणाली तुझं काय जातंय, आणि खरंच काही जात नव्हतं, पण इतकी वर्षं उन्हाळ्यातल्या दर रविवारी सकाळी पलीकडच्या ड्राइव्हवेमधून जो आवाज ऐकत आपण चहा पितो तो बंद होणार म्हटल्यावर त्यात आपलाही थोडा हिस्सा आहे असं वाटायला लागतं.

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. मी एका सप्लायरकडे गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे वायरांच्या जुडग्यांचं काम करतो, म्हणजे दिवसभर कुठली वायर कुठल्या पिनमध्ये जाते हेच बघत असतो. काका रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो आणि इतक्या वर्षांनी अजूनही प्रत्येक वेळी जीभ जरा अडखळते, म्हणून इथे लिहिताना तरी काका-काकूच म्हणतो, निदान लिहिताना तरी बरं वाटू दे.

गाडी १९६९ ची शेवरले शेवेल मालिबू, दोन दारांची, गडद हिरवी. आत ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८, म्हणजे ५.७ लिटर, कागदावर ३०० हॉर्सपॉवर. कट्टर लोक लगेच म्हणतील की ३९६ क्युबिक इंचाच्या मोठ्या इंजिनाची एसएस असेल तरच मसल कार, म्हणजे अंगात रग असलेली गाडी, बाकी सगळ्या नुसत्या शेवेल. म्हणू देत. काकांनी ती १९७४ च्या सुरुवातीला सेकंडहँड घेतली, तेव्हा अरबांनी तेल बंद केल्याने पंपावर रांगा लागलेल्या आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्या लोकांना डोईजड झालेल्या. आज ज्या गाडीसाठी लोक कर्ज काढतात ती त्यांना तेव्हा अशीच पडेल भावात मिळाली कारण कुणालाच नको होती. मला हे फार आवडतं, माणसाने काही विचार करून नाही तर खिशाला परवडली म्हणून घेतलेली वस्तू पन्नास वर्षं टिकवली.

आता ती सुरू करायची कशी ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. बसायचं. पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडायचं, त्याने चोक बंद होतो. मग अजून एकदा, सावकाश, म्हणजे कार्ब्युरेटर थोडं कच्चं पेट्रोल आत टाकतो. मग चावी. थंडी असेल तर तिसऱ्यांदा अर्धं दाबायचं आणि तसंच धरून ठेवायचं. आठवडाभर उभी असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, मग स्टार्टर मारत बसायचं जोवर पंप परत वाटी भरत नाही. आणि घाईत एक दाब जास्त झाला की ओव्हरफ्लो, प्लग ओले, सगळीकडे पेट्रोलचा वास, मग पेडल तळाला दाबून धरा आणि देवाचं नाव घ्या. काकांना हे सगळं पायाच्या अंगठ्यात माहीत होतं. काकूंना कधीच जमलं नाही. त्या शेजारच्या सीटवर बसायच्या आणि हे बघायच्या, लग्न झाल्यापासून.

मला राग आला होता त्याचं कारण मात्र मिशिगनचं नव्हतं, कोल्हापूरचं होतं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अँबॅसॅडर होती. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, वय झालेलं, धूर मारायचं आणि पेट्रोलचा भाव ऐकून अण्णांचं तोंड कडू व्हायचं. त्या काळात आमच्याकडे यावर एकच औषध होतं, पेट्रोल इंजिन काढा आणि मॅटाडोरचं डिझेल टाका. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, तिचं इंजिन कुठल्या कुठल्या गाड्यांत जाऊन बसलं असेल याची गणतीच नाही, अँबॅसॅडर, जीप, काय वाटेल ते. शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री होते, दुकान म्हणजे पत्र्याची शेड, वर आडवी घातलेली आय-बीम आणि तिला लटकलेली चेन कप्पी. अण्णांनी विचारलं बसेल का. मिस्त्री म्हणाले, "बसतंय की अण्णा. न बसायला काय झालंय? नाय बसलं तर बसवायचं." आणि चार दिवसांत बसवलं. फाउंडेशन कापलं, नवीन वेल्ड मारलं, रेडिएटर पुढे सरकवला, आरसी बुकात नोंद झाली, विषय संपला.

मी तेव्हा दहा वर्षांचा. जुन्या इंजिनातून मिस्त्रींनी डेल्को काढला, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा. आमच्याकडे कुणीही मिस्त्री त्याला डेल्कोच म्हणतो, त्यावर लुकास या दुसऱ्याच कंपनीचं नाव लिहिलेलं असलं तरी डेल्कोच. डिझेलला स्पार्क लागत नाही त्यामुळे डेल्कोही लागत नाही. त्याची ती चॉकलेटी रंगाची बॅकेलाइटची कॅप मिस्त्रींनी माझ्या हातात दिली, वर चार भोकं आणि मधे पाचवं. मी ती शाळेच्या टेबलावर ठेवून तिच्यात पेन्सिली खोचायचो, पाच पेन्सिली, मधली लाल-निळी. अख्ख्या गाडीतला मला समजलेला तो पहिला भाग.

आणि गाडी? गाडी चालली, डिझेल कमी प्यायली, अण्णा खूश. पण आरसा इतका थरथरायचा की मागचा ट्रक एक आहे की तीन ते कळायचं नाही. आई म्हणायची, पूर्वी गाडीतून गेल्यासारखं वाटायचं, आता गिरणीतून गेल्यासारखं वाटतंय. म्हणून इंजिन बदलणं म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं तेच येतं, थरथरणारा आरसा. काकांनी ट्रकचं इंजिन म्हटलं आणि मला थेट उद्यमनगर दिसलं.

पण इथलं ट्रकचं इंजिन म्हणजे काय ते सांगायला हवं. १९५५ साली शेवरलेने जे छोटं व्ही-८ काढलं त्याच वंशातलं काकांचं ३५०. मग १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ नावाचं नवीन इंजिन आलं, सगळं नव्याने काढलेलं, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ हॉर्सपॉवर. तेच इंजिन १९९९ पासून बिडाच्या ब्लॉकमध्ये ओतून पिकअप ट्रकमध्ये टाकायला सुरुवात झाली, ४.८, ५.३, ६ लिटर, आणि या सगळ्या घराण्याला लोक नुसतं एलएस म्हणतात. आणि ट्रक इथे इतके विकले जातात की भंगारवाल्याच्या आवारात ही इंजिनं आपल्याकडे रस्त्याकडेला उसाचं गुऱ्हाळ दिसावं इतकी सहज दिसतात. काकांनी २००४ च्या सिल्वराडोचं ५.३ उचललं, गिअरबॉक्स, कॉम्प्युटर, वायरिंग, पेडल सगळ्यासकट, हजार डॉलरच्या आतबाहेर.

आकाराने ३५० पेक्षा लहान, ३२५ क्युबिक इंच, आणि ताकद जास्त. कागदावर बघाल तर जुनं ३०० आणि नवीन २९५, पण त्या ३०० मध्ये गोम आहे, १९७१ पर्यंत अमेरिकेत इंजिन टेबलावर नागडं चालवून मोजायचे, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही, सायलेन्सर नाही. १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले आणि एका वर्षात सगळ्या गाड्यांचे आकडे धपकन खाली आले. त्यामुळे मसल कारवाले जे आकडे सांगतात त्यातले निम्मे आकडे आहेत आणि निम्म्या लहानपणच्या आठवणी.

हे इंजिन सगळ्यात का बसतं याचं कारणही गमतीचं आहे. दुसऱ्या कंपन्या कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडच्या डोक्यावर नेऊन बसल्या, त्याने हेड रुंद झाले, इंजिन पसरलं. याचा कॅमशाफ्ट मात्र १९५५ सारखाच ब्लॉकच्या पोटात, एकच, त्यामुळे इंजिन आटोपशीर. आणि एक माप तर तसंच्या तसं ठेवलंय, शेजारच्या दोन सिलिंडरच्या मधलं अंतर, ४.४ इंच, तेव्हाही आणि आताही. बाकी एकही मोठा पार्ट एकमेकांना लागत नाही. नातवाचं नाक आजोबांसारखं असावं आणि बाकी सगळं वेगळं, तसं.

काम सुरू झालं मार्चमध्ये, बाहेर बर्फ असताना. मी नुसता बघायला म्हणून गेलो आणि दुसऱ्या शनिवारी हातात पाना होता. जुनं इंजिन क्रेनने वर उचललं गेलं तेव्हा काकांनी आधी काय केलं तर उजव्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या मागे, ब्लॉकवर एक सपाट जागा असते ती चिंधीने पुसली. तिथे आकडे ठोकलेले असतात, गाडीच्या चासी नंबरच्या शेवटाशी जुळणारे. जुळले तर गाडी मॅचिंग नंबर्स, मग तिची किंमत वेगळी, तिला बघायला येणारी माणसं वेगळी. काकांचे जुळत होते. मी म्हटलं, मग हे इंजिन बोअर करून, नवीन रिंग टाकून परत बसवा ना, सोनं हातात असताना पितळ कशाला. ते काही बोलले नाहीत. इंजिन स्टँडवर लावलं, प्लास्टिकची पिशवी घातली आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ढकललं. तिथेच आहे अजून.

त्याच दिवशी त्यांनी डिस्ट्रिब्युटर काढून माझ्या हातात दिला, जरा धर म्हणून. त्याच्या गळ्याभोवती पट्टी होती, पट्टीवर अक्षरं, डेल्को-रेमी.

मी तो धरून तसाच उभा राहिलो. म्हणजे हा शब्द खरा होता. ओहायोतल्या डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांचा शब्द, पुढे जनरल मोटर्सची झालेली कंपनी, आणि तो शब्द कुठून कसा फिरत उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन मराठी झाला कुणास ठाऊक. मी काकांना सांगायचा प्रयत्न केला की आमच्या गावात लुकासच्या पार्टला लोक डेल्को म्हणतात, त्यांना विनोद नीट कळला नाही पण हसले. याच्या कॅपला आठ भोकं आणि मधे नववं. आणि नव्या इंजिनात हा प्रकारच नाही, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल, क्रँकशाफ्टवर दात्यांचं चाक, सेन्सर ते मोजतो आणि कॉम्प्युटर ठरवतो ठिणगी कधी. म्हणजे माझ्या आयुष्यात दोनदा इंजिन बदलताना मी हजर होतो आणि दोन्ही वेळा डेल्को घरी बसला.

पहिला घोळ ऑइल पॅनचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या परातीचा. ट्रकचा पॅन खोल असतो, ट्रक उंच असतो म्हणून त्याला चालतं, इथे तो क्रॉसमेंबरच्या, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या पट्टीच्या खाली लोंबायला लागला, पहिल्या स्पीड ब्रेकरला फुटला असता. मग दुसरा मागवला, तो पुढे आला आणि चाक पूर्ण वळवलं की स्टिअरिंगचा दांडा त्याला घासायचा, दोन मिलिमीटर, फक्त दोन. एवढ्यासाठी इंजिन परत वर. काका वैतागून बादलीवर बसले आणि मी मराठीतच म्हणालो, नाय बसलं तर बसवायचं. त्यांनी विचारलं काय म्हणालास, मी भाषांतर करून सांगितलं, पण त्याला मिस्त्रींचा आवाज लागतो, इंग्रजीत ते नुसतं मॅनेजमेंटचं पोस्टर वाटतं. तिसरा पॅन खास याच कामासाठी बनवलेला होता, तो बसला.

पेट्रोलचंही तसंच. जुना पंप इंजिनला लागून, पाच-सात पीएसआय दाब, कार्ब्युरेटरला पुरतो. नव्या इंजिनात कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, त्याला ५८ पीएसआय लागतं. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, नवीन लाइन, आणि दाब आवरायला रेग्युलेटर, तो लोक कॉर्व्हेटच्या फिल्टरमधला वापरतात कारण फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच डबीत येतात आणि जास्तीचं पेट्रोल तिथूनच टाकीत परत जातं. असल्या युक्त्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतात, हजारो गॅरेजमधल्या लोकांनी एकमेकांचं बघून शोधलेल्या. जुगाड हा आपलाच शब्द असेल, पण मक्तेदारी नाही आपली.

वायरिंग माझ्याकडे. ट्रकचा अख्खा हार्नेस मी बेसमेंटमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर पसरला, मुलीने तीन आठवडे तोंड फुगवलं. एकेक पिन काढत गेलो, हे नको, ते नको, मागचे ऑक्सिजन सेन्सर नकोत, शेवटी जेवढा इंजिन आणि गिअरबॉक्सला लागतो तेवढाच उरला, निम्म्याहून कमी. ऑफिसमध्ये जे काम मला कंटाळवाणं वाटतं तेच मी रात्री एकपर्यंत आनंदाने करत होतो, याचा अर्थ काय लावायचा तो लावा.

मे महिन्यात चावी फिरवली. इंजिन लागलं. मी ओरडलो. दोन सेकंदांत बंद. परत लावलं, परत दोन सेकंद, परत बंद. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, दाब बरोबर. तासाभराने माझी ट्यूब पेटली, चोरीविरोधी यंत्रणा. ट्रकच्या कॉम्प्युटरला ट्रकचं चावीचं कुलूप ओळखायची सवय, तो विचारतोय पासवर्ड काय, आणि उत्तर द्यायला ट्रकच नाही, म्हणून तो पेट्रोल तोडतोय. बिचारा कुठल्या तरी मेलेल्या सिल्वराडोशी इमान राखून बसलेला. लॅपटॉप लावून ती अट काढून टाकली. मग लागलं ते लागलंच, आणि इतकं गुळगुळीत चालायला लागलं की काकांनी दोनदा पुढे वाकून पंखा फिरतोय ना ते बघितलं. आरसा जागच्या जागी. मला अण्णांची आठवण आली, आणि जरा हेवाही वाटला.

आवाज बदलला का? बदलला. जुनं इंजिन उभ्या गाडीत एक ठोका चुकवून दोन ठोके घ्यायचं, दम लागलेल्या म्हशीसारखं. नवीन तसं करत नाही. दोघांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, वेगळा, जुन्याचा १-८-४-३-६-५-७-२ आणि नव्याचा १-८-७-२-६-५-४-३, आणि कानाने तो फरक ओळखता येतो म्हणणारे लोक आहेत, मला नाही ओळखता येत. पण रविवारच्या चहाला काहीतरी कमी पडतं हे खरं, ते मी लपवणार नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळली नाही. इंजिन चालू झालं, आता फिरायला काढायची, तर काका एक अख्खी दुपार पुढच्या सीटखाली आडवे. ती बेंच सीट, अख्खी एकच. तिची रुळासारखी पट्टी इतकी वर्षं न सरकल्याने गंजून एकाच जागी बसलेली, काकांच्या पायांच्या मापाला. त्यांनी गंजावरचं तेल मारलं, हातोडीने हळू हळू ठोकलं, ग्रीस भरलं, परत ठोकलं. मी म्हटलं सोडा ना काका, बसताय ना तुम्ही नीट. म्हणाले, थांब जरा. शेवटी ती करकरत चार इंच पुढे आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते इंजिन सुरू झालं तेव्हाही नव्हतं.

स्पीडोमीटर जुनाच ठेवला. नव्या गिअरबॉक्समधून केबल निघत नाही, वेग इलेक्ट्रिक सिग्नलमध्ये येतो, तर एक छोटी डबी मिळते, आत मोटर, ती सिग्नल वाचून जुनी केबल फिरवते. म्हणजे कॉम्प्युटरला वेग माहीत असताना तो काट्याला सांगायला परत तार फिरवायची. शुद्ध नाटक. पण काटा पूर्वीसारखाच थोडा थरथरत वर जातो आणि बघायला बरं वाटतं.

ऑगस्टचा तिसरा शनिवार, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून चालू आहे, वुडवर्ड अव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना लोक सकाळपासून फोल्डिंग खुर्च्या टाकून बसतात आणि जुन्या गाड्या दिवसभर वर-खाली करत राहतात, आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक बघायला कट्ट्यावर जागा धरतात तसंच, फक्त ढोल नाहीत आणि मूर्ती बुडत नाही. आम्ही रॉयल ओकपाशी गाडी लावून बॉनेट उघडलं. लोक रंग बघून यायचे, आत वाकायचे. अर्धे म्हणायचे क्या बात है, अर्थात त्यांच्या भाषेत. आणि एक टोपीवाला वाकला, कॉइल्स बघितल्या, म्हणाला, "अजून एक एलएस," आणि निघून गेला.

मला ते लागलं. पण त्याचं साफ चुकीचं होतं असंही नाही म्हणता येणार. त्या रस्त्यावर खरंच शंभर गाड्या असतील ज्यांचं अंग साठच्या दशकातलं आणि पोट ट्रकचं, १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून सगळ्यांची आतून एकच बोली झालेली. पॉन्टिॲकचं इंजिन वेगळं, ओल्ड्समोबिलचं वेगळं, ब्युइकचं वेगळं, शेवरलेचं वेगळं, एकाच जनरल मोटर्सच्या भावंडांत केवढी भांडणं होती, ती मिटली. काही लोक तर फोर्डच्या मस्टँगमध्ये हे शेवरलेचं इंजिन टाकतात, या गावात त्याला पाप म्हणतात आणि ते मलाही पटतं. पुढे बॅटरी टाकणारेही येतील, तेव्हा हाच टोपीवाला एलएसच्या आठवणीने डोळे पुसेल.

काकांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चावी खिशात न ठेवता स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीला लावली.

पुढच्या मंगळवारी मी कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला आलो तर काकू ड्राइव्हवेमध्ये, हातात सामानाच्या दोन रिकाम्या पिशव्या. पिशव्या मागे टाकल्या, बसल्या, हात खाली घालून सीट पुढे घेतली, करकर आवाज आला. काका दारात उभे, बोलले काहीच नाहीत. या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत आता ओढायची तारसुद्धा नाही, नुसती विजेची वायर, चावीच्या आधी दाबलं तर काहीही होत नाही. मी स्वतः जोडलीय ती वायर.

काकूंनी पेडल तळापर्यंत दाबून सोडलं. मग अजून एकदा, सावकाश. मग चावी फिरवली.